पिशवीतला खाजा

मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात शोधून सापडत नाही. दरवर्षी गावकरी शिकार करतात, भराडी देवीला कौल लावून तिची संमती घेतात आणि मग तारीख जाहीर होते. मुंबईचा चाकरमानी लगेच रेल्वेच्या तिकिटामागे धावतो. आमच्या घरातून मात्र पहिला फोन जातो तो कोल्हापूरच्या गुळवाल्याला.

आम्ही खाजेवाले. कार्तिकात सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणं झाली की आमचा हंगाम सुरू होतो. मग एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत कढया, साचे आणि ताडपत्री टेम्पोत घालून फिरायचं, ते महाशिवरात्रीच्या कुणकेश्वरापर्यंत. आंगणेवाडी साधारण फेब्रुवारीत येते आणि वर्षाचा निम्मा हिशेब त्या दीड दिवसात होतो.

खाजा म्हटल्यावर काहींना पुरीच्या जगन्नाथाचा प्रसाद आठवतो. तो मैद्याच्या पदरांचा, साखरेच्या पाकातला. आमचं त्याच्याशी नातं नावापुरतंच. आमचा मालवणी खाजा चण्याच्या पिठाचा. बोटाएवढ्या कांड्या तेलात कुरकुरीत तळायच्या आणि आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या. देवीचा नैवेद्य वेगळा असतो, पण जत्रेहून घरी आलेल्या माणसाला शेजारी विचारतात ते एवढंच, "खाजो खंय?" कागदाच्या पुडीतून चार-चार कांड्या वाडीभर वाटल्या जातात. प्रसाद पोचला म्हणायचं तो तेव्हा.

सगळा खेळ पाकाचा आहे. बाबा पाण्याच्या वाटीत थेंब टाकतात. पसरला तर कच्चा. बोटांत धरून त्याची घट्ट गोळी वळली तर कढई उतरायची आणि कांड्या ओतायच्या. मग दोघांनी दोन्ही बाजूंनी न थांबता ढवळत राहायचं. आधी सगळं चकचकीत, ओलं दिसतं. नवख्याला वाटतं, झालं. पण अजून ढवळायचं. हळूहळू चकाकी जाते, गूळ कांडीवर रवाळ धरतो, पांढुरका होतो आणि कढईतला आवाज बदलतो. आधी चपचप येत असतो, तो सुक्या शेंगा हलवल्यासारखा येऊ लागतो. त्यानंतर खाजा कापडावर पसरून पार गार होऊ द्यायचा. घाई इथेच नडते.

त्या वर्षी मी ती केली. आदल्या जत्रेत मुंबईची दोन गिऱ्हाइकं म्हणाली होती, पुडी गाडीत फुटते, पॅकिंग का करत नाही? मी तेवढ्यावर सीलिंग मशीन आणलं, लेबलं छापून घेतली. देवळाच्या कमानीचं चित्र, खाली आमचा नंबर. जत्रेच्या आदल्या दुपारी बाबा जागेच्या भानगडीसाठी पुढे गेले होते. कापडावर साठ किलो खाजा होता, वरून हाताला गार लागत होता. आत हात घालून बघितला असता तर कळलं असतं. मी अर्ध्या अर्ध्या किलोच्या एकशेवीस पिशव्या सील केल्या आणि खोक्यांत एकावर एक रचल्या. फार सुंदर दिसत होत्या.

जत्रा पहाटेच सुरू होते. ओटी भरणाऱ्यांच्या रांगा उजाडायच्या आत लांब जातात. सातच्या सुमारास पहिली पिशवी गेली. पंधरा मिनिटांत ती घेतलेली वहिनी परत आली. हातात पिशवी, चेहऱ्यावर राग नाही, थट्टाच जास्त.

"दादानू, ह्यो खाजो काय ढेप? फोडूक कोयतो दितास?"

पिशवीत एकच लगदा होता. आतून प्लास्टिकवर पाण्याचे थेंब. गरम खाज्याला घाम आला होता, गुळाने तो पिऊन टाकला होता आणि सुटलेला गूळ कांड्यांना एकमेकींत चिकटवून बसला होता. मी दुसरी पिशवी फोडली, तिसरी फोडली. तेच.

बाबांनी लगदा हातात घेऊन दाबला. "गरम आसतानाच बांधलंस मा?" एवढंच विचारलं आणि ढिगातला सुटा खाजा कागदात बांधून त्या वहिनीला दिला. ही पुडी पिशवीच्या बदल्यातली, तेव्हा पैशांचा प्रश्नच नव्हता. त्यांनी वर आणखी पावकिलो घातला, तर तिने नोट पुढे केली. "देवीच्या जत्रेतलो खाजो फुकट नको. पैसे घेवा." बाबांनी घेतले. नाही म्हणून चाललं नसतं.

दिवसभर सुटा माल विकला. खोकी मी मागे सारली होती, जणू नजरेआड केली की पिशव्या सुधारणार होत्या. संध्याकाळी ढीग तळाला गेला. दुसऱ्या दिवशीची मोड जत्रा बाकी होती आणि आमच्याकडे उरल्या होत्या फक्त माझ्या पिशव्या.

रात्री दर्शन थांबतं. आंगणे घराण्याच्या बायका मौन पाळून देवीसाठी रांधतात, आणि ती ताटं देवळात नेली जातात तेव्हा सगळी गर्दी तिकडे वळते. दुकानदाराला दम खायला तेवढीच वेळ. बाबांनी स्टोव्ह पेटवला, रिकामी कढई चढवली, पिशव्या माझ्यासमोर टाकल्या. मी फोडायच्या, त्यांनी कढईत घालायच्या. तिकडे मौनात प्रसाद शिजत होता, इकडे बाबा माझ्याशी बोलत नव्हते. ते मौन देवीसाठी नव्हतं.

मंद आचेवर गूळ सैल झाला. मग बाबांनी गुळाचा बारीक किसलेला चुरा मूठभर भुरभुरला आणि उलथणं माझ्या हातात दिलं. ढवळता ढवळता खांदे भरून आले. वर ताडपत्रीवर दंव साचून ठिबकायला लागलं होतं, म्हणून ती आईने काठीने उचलून धरली. बऱ्याच वेळाने कढईतून तो सुक्या शेंगांचा आवाज आला. सगळ्याच घाण्यांना नाही आला. ज्यांच्या कांड्या आतून मऊ पडल्या होत्या त्या कितीही ढवळल्या तरी मऊच राहिल्या. त्या बाबांनी बाजूला काढल्या. पहाटेपर्यंत दोन तृतीयांश माल हाताशी आला. पहिल्यासारखा नव्हता, रंगाने थोडा काळपट. बाबांनी पाटीवर भाव दहा रुपयांनी उतरवला आणि विचारेल त्याला कारणही सांगितलं. "पोराचो प्रताप."

मोड जत्रेला तो संपला. ती वहिनी पुन्हा आली, देवळाकडून परतताना. काळपट खाजा बघून हसली, एक कांडी तोंडात टाकली, चावल्याचा आवाज ऐकला आणि एक किलो घेतला. कागदातच बांधून मागितला.

बाजूला काढलेले वीसेक किलो टेम्पोतून घरी आले. आई रोज वरवंट्याने एक ढेकूळ फोडायची आणि चहाबरोबर माझ्यापुढे ठेवायची, दुसरं काही नाही. शिमग्याचे ढोल वाजायला लागले तरी डबा संपला नव्हता.