तुम्ही विचारलंत म्हणून: दादाला किती मिळतं?

हळदीकुंकवात विचारतात, दुकानात डबा खाताना विचारतात, एकदा तर रक्ताचा नमुना घ्यायला घरी आलेल्या पोरानेही सुई टोचता टोचता विचारलं. शब्द तेवढे बदलतात. शिकलेले लोक म्हणतात, ‘तुमच्या भावाला शासनाकडून काही असेल ना?’ आईच्या शेजारच्या काकू आडवळण घेत नाहीत. ‘सरकार पैसे देऊन राहिलं ना बाई त्याले? मंग काहून एवढी पळापळ करून राहिली तू?’ मला काकूंचा प्रश्न जास्त परवडतो. त्यात थोडा संशय आहे आणि तो त्या झाकत नाहीत.

तर आधी आकडा सांगून टाकते. ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५००. त्याआधी १,५००. जुलै २०२३ च्या आधी १,०००, आणि २०१९ पर्यंत ६००. योजनेचं नाव संजय गांधी निराधार अनुदान योजना, १९८० पासूनची. पूर्ण नाव कुणी घेत नाही. आमच्या गल्लीत ‘संजय गांधीचे आले का?’ एवढंच विचारतात.

दादा ४२ वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातापायांवर ताबा नसणं. त्याच्या यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, रंग निळा, म्हणजे अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त. बोलतो थोडंच, पण रागावला की ते थोडंही पुरेसं असतं. बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. मिल गेली, तिथे आता मॉल आहे. पुढे बाबाही गेले. आई ६३ वर्षांची. जुन्या नागपुरात दोन खोल्यांत दोघं राहतात आणि मी मानेवाड्याला. मी इतवारीत धान्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते, त्यामुळे दादाचीही एक वही आपोआप सुरू झाली. सवयच ती.

त्या वहीतलं गेल्या मे महिन्याचं पान उघडते. डायपर २,३००. फिट्सच्या आणि अंग आखडू नये म्हणून द्यायच्या गोळ्या १,१५०. सकाळी चार तास येणाऱ्या मावशी ४,५००. फिजिओ आठवड्यातून दोनदा यायला हवा, तो महिन्यातून दोनदाच बोलावला, त्याचे ८००. आणि कूलरमुळे वाढलेलं विजेचं बिल ९००. कूलर ही चैन वाटत असेल तर तुम्ही नागपूरचा मे महिना पाहिलेला नाही. पारा ४५ वर गेला की दादाची पाठ लाल होते, हातपाय आणखी आखडतात, आणि तो रात्रभर झोपला नाही की आम्हाला झटक्याची धास्ती लागते. दुपारी वीज गेली तर आई ओल्या धोतराने वारा घालत बसते. कूलरच्या ताट्या, मोटर, पंप यांना कुठल्याही योजनेच्या अर्जात रकाना नाही. बेरीज ९,६५०. मे महिन्यात सरकारकडून आले १,५००.

आई त्याला दिवसातून पाच-सहा वेळा उचलते किंवा कूस बदलून देते. त्याचं वजन ४६ किलो. आईचा पगार मी वहीत धरलेला नाही. धरला असता तर वही मिटूनच ठेवावी लागली असती.

बाकीचे पैसे कुठून येतात, हा यातून निघणारा दुसरा प्रश्न. आईला बाबांच्या मागे मिळणारी पेन्शन १,०००. मी देते ते चार हजार, कधी कमी. उन्हाळ्यात आई पापड-कुरडयांच्या ऑर्डरी घेते. आणि तिला लाडक्या बहिणीचे १,५०० येतात. इथेच माझं गणित अडकलं होतं. वर्षभर त्या घरात दोन सारखे आकडे आले, आईला बहीण म्हणून १,५०० आणि दादाला स्वतःच्या हाताने पाणीही पिता येत नाही म्हणून १,५००. आईच्या पैशांबद्दल माझी तक्रार नाही, ते तिचेच आहेत. पण दोन्ही आकडे एकाच पानावर लिहिताना माझा पेन थांबायचा.

मग पालकांच्या एका बैठकीत कुणीतरी कायद्याची झेरॉक्स वाटली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम २४. त्यात लिहिलंय की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांग व्यक्तीला मिळणारी रक्कम तशाच योजनेत इतरांना मिळणाऱ्या रकमेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. कलमाच्या सुरुवातीला ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पळवाटही ठेवलेली आहे, ती मी लपवत नाही. पण संजय गांधी योजनेतच तेव्हा विधवा बाईला १,५०० आणि दादालाही १,५००. सव्वापट म्हणजे १,८७५. महिन्याला ३७५ कमी. जुलै २०२३ ते सप्टेंबर २०२५, २७ महिने. १०,१२५ रुपये.

मी वहीत नवीन पान घातलं, वर लिहिलं ‘येणे’, आणि खाली ती रक्कम मांडली. नवरा हसला. म्हणाला, सरकारकडून वसूल करणार आहेस का? नाही. पण इतवारीत बुडीत उधारी असतेच की. ती बुडीत म्हणून लिहितात, दान म्हणून कुणी लिहीत नाही. लोक जेव्हा विचारतात ‘सरकार देतं ना?’ तेव्हा त्या ‘देतं’मध्ये मला देवळाच्या पायरीवरचा हात दिसतो. माझ्या वहीत दादा सरकारचा देणेकरी नाही, घेणेकरी आहे, एवढं मला स्वतःपुरतं नीट लिहून ठेवायचं होतं.

दिल्लीचा वाटाही सांगते. केंद्राची जी दिव्यांग पेन्शन आहे, दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्क्यांवरच्या लोकांसाठी, ती २०१२ पासून ३०० रुपयांवर थांबलीय. तेव्हा दादा २९ वर्षांचा होता. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दिव्यांगांच्या खात्याला साधारण १,२२५ कोटी होते. आकडा मोठा वाटतो. त्या वर्षीचा एकूण खर्च ४८ लाख कोटींच्या वर होता, म्हणजे शंभर रुपयांतले अडीच पैसे.

आणखी एक गणित, हे मात्र दुकानात शेठच्या ओळखीतल्यांची रिटर्नं भरताना सुचलं. घरात ८० टक्क्यांवर अपंगत्व असलेलं अवलंबून माणूस असेल तर आयकराच्या जुन्या करप्रणालीत १,२५,००० ची वजावट मिळते. ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या बापाचा त्यात सेससकट ३९,००० रुपये कर वाचतो. दादाला वर्षाचे मिळत होते १८,०००, आता वाढून ३०,०००. त्या बापालाही खर्च असतो, त्याचं काढून घ्या असं मी म्हणत नाही. त्याने दाखल्याचा तपशील रिटर्नमध्ये भरला की वजावट बिनबोभाट होते, एवढंच.

आमच्याकडे बिनबोभाट काही नसतं. वर्षातून एकदा हयातीचा दाखला. दादा जिवंत आहे हे पटवायला त्याला घेऊन जावं लागतं. ऑटोवाला ओळखीचा आहे, जाऊन-येऊन ३०० घेतो आणि उचलायलाही हात लावतो. माझी अर्धी रजा, मावशींना जादाचे शंभर. मग अंगठा. दादाच्या मुठी घट्ट मिटलेल्या असतात, आणि नवी जागा, नवी माणसं दिसली की त्या आणखी आवळतात. एकदा मशीनसमोर बसलेला मुलगा बोट ओढून ओढून बघत होता आणि दादा ओरडत होता. रांगेतल्या एका आजोबांनी पुढे येऊन त्याच्या मनगटाला गोल गोल चोळलं, तेव्हा कुठे बोट सुटलं. आजोबांचाच मुलगा तसा असावा. विचारायचं राहिलं.

पैसे कधी येतील हेही वर्षानुवर्षं ठरलेलं नसायचं. दोन-तीन महिने काही नाही, मग सणाच्या तोंडावर एकदम. डायपर रोज लागतो, अनुदान पावसासारखं येतं. त्यामुळे मधले महिने मेडिकलवाल्याच्या वहीत जायचे. (नागपुरात ‘मेडिकल’ म्हटलं की सरकारी दवाखाना आठवतो. मी म्हणतेय ते कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान.) आता थेट खात्यात येतात म्हणून जरा बरं आहे. शिबिरात मिळालेल्या व्हीलचेअरचं विचारू नका. मान न धरता येणाऱ्या माणसाला सरळ पाठीची खुर्ची दिली, त्यावरून तो साबणासारखा घसरतो. सध्या तिच्यावर काकूंच्या सासूबाई उन्हात बसतात आणि खूश आहेत.

काकूंचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘त्या दोघाईले तुझ्याकडंच काहून नाही आणत?’ एक तर मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि लिफ्ट नाही. पण खरं कारण रेशनकार्ड आहे. संजय गांधी योजनेत दिव्यांगाच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५०,००० च्या आत लागतं. महिन्याचे साडेचार हजारही होत नाहीत. आम्ही एका कार्डावर आलो की माझा आणि नवऱ्याचा पगार दादाच्या कुटुंबाचा होतो आणि दादा निराधार राहत नाही. लाडक्या बहिणीला मर्यादा अडीच लाखांची. म्हणजे बहिणीचं घर अडीच लाखांपर्यंत गरीब, अपंगाचं पन्नास हजारांतच श्रीमंत. मावशी आल्या नाहीत तर मी सकाळी सहाला ॲक्टिव्हा काढते. जवळ राहिलो असतो तर हे लागलं नसतं, पण मग ते पैसेही आले नसते. आम्ही बसून दोन्ही बाजू मांडल्या आणि वेगळं राहायचं ठरवलं. असा हिशेब भावाबहिणीत मांडावा लागतो, हे काकूंना सांगायला जड जातं. म्हणून मी लिफ्टचंच सांगते.

मोर्चालाही गेलोय आम्ही. हिवाळी अधिवेशन आमच्याच गावात भरतं, सिव्हिल लाइन्सपर्यंत अर्ध्या तासाचा रस्ता, मग घरी बसून काय करायचं? दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आईने हट्टच धरला. यशवंत स्टेडियमपासून निघालो, दादाला उधार आणलेल्या मान टेकायच्या खुर्चीत बसवून. पुढे तीनचाकी सायकली, काठ्या, मधे एक अंध भजनी मंडळ, त्यांची ढोलकी इतकी पक्की की पोलिसांचेही पाय हलत होते. मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला कठडे लागले. मग नेहमीचं, पाच जणांचं शिष्टमंडळ आत, बाकीचे डांबरावर. थंडी होती, ऊन छान होतं. कुणीतरी तर्री-पोहे आणले. दादाला तिखट चालत नाही, आईने तर्री निथळवून दोन घास भरवले. तो भाषणांना जोरजोरात हसत होता, आणि त्याचं हसणं नेमकं ‘आम्हाला भीक नको’ या वाक्यावर यायचं. पुढच्या बायका आधी वळून बघायच्या, मग त्याही हसायला लागल्या. दोन तासांनी शिष्टमंडळ परत आलं. शासन सकारात्मक आहे, असं कळलं. शासन इतक्या वर्षांत नकारात्मक असल्याचं मी एकदाही ऐकलेलं नाही.

तरीही १,५०० चे २,५०० झाले ते लोक असे डांबरावर बसले म्हणूनच, असं मला वाटतं. म्हणून पुढच्या वेळीही जाऊ.

‘भागवता कसं?’ याचं खरं उत्तर फार चमकदार नाही. आम्ही पाच घरांनी मिळून भिशी धरलीय, पाचही घरात असं एकेक माणूस. ज्याच्याकडे दवाखाना निघेल त्याचा नंबर आधी. डायपर ठोकमध्ये एकत्र आणतो, तिथे इतवारीची ओळख कामाला येते. निरामय विमा काढलाय, अशाच माणसांसाठीचा केंद्राचा आरोग्य विमा, वर्षाला एक लाखाचा. बिलं जपून ठेवावी लागतात, ती मी पाचही घरांची ठेवते. फिजिओने आईला व्यायाम शिकवलेत, त्याला स्वतःचं नुकसान होतंय हे माहीत असूनही.

वाढीव रकमेचा पहिला मेसेज आला तेव्हा मी आईकडेच होते. तिला वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. मी म्हटलं, जास्तीच्या हजारात फिजिओला आणखी दोनदा बोलवू. ती म्हणाली, थांब, आधी कूलरची मोटर. मागच्या जूनपासून जळून पडलीय आणि आता थंडीत स्वस्त मिळेल. मी फोन लावला. मोटर १,८०० ची. हजार डब्यात ठेवले. वरच्या ८०० साठी आई म्हणाली, पुढच्या महिन्याचे येतीलच ना?

मी वहीत तारीख टाकली आणि पुढे पेन्सिलने लिहिलं.