पडलेली बाईक पुन्हा रस्त्यावर: पुढच्या शॉकपचे काम

गाडी 150 सीसीची, एबीएसवाली, उजव्या कुशीवर पडलेली. आरसा, इंडिकेटर, टाकीचा पोचा मागे ठेवला आहे. आधी पुढचा भाग. पडल्यावर हँडल वाकडे दिसले तर बहुतेक वेळा टीमध्ये (शॉकपचे दोन्ही पाइप धरणारी वरची-खालची पकड) पाइप फिरलेला असतो, नाहीतर पाइपच वाकलेला असतो. चाक गुडघ्यांत धरून हँडलला झटका दिला की दोन्हींमध्ये हँडल सरळ दिसते, आणि वाकलेला पाइप तसाच रस्त्यावर जातो. म्हणून हा झटका पहिला इलाज नव्हे.

गाडी मेन स्टँडवर, इंजिनाखाली लाकडी ठोकळा, चाक अधांतरी. पाइपची टोके वरच्या टीच्या किती वर आहेत ते मोजून घेतले. मग मडगार्ड, ॲक्सल (चाकाचा आस) नट आणि दोन्ही टीचे बोल्ट सैल केले. हँडल सरळ आले, पण ॲक्सल हाताने सरकेना. इथेच पाइपवर संशय घ्यायचा.

उजवा पाइप व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेचे ठोकळे) फिरवला, मधोमध डायल गेज (काट्याचे मोजमाप). काटा 0.9 मिमी हलला. बाक त्याच्या निम्मा, म्हणजे 0.45. बऱ्याच मॅन्युअलमध्ये मर्यादा 0.2 असते. प्रेसवर सरळ करून देणारे भेटतात, तो मोह टाळा: वाकलेल्या जागी धातू कमकुवत होतो, क्रोमला बारीक तडे जातात आणि ते नवे ऑइल सील कापतात. नवा पाइप घेतला, सील मात्र दोन्ही बाजूंची.

शॉकप ऑइल जुने जेवढे निघाले तेवढेच भरू नये. गळालेले आणि आत चिकटलेले त्यात मोजले जात नाही. मॅन्युअलचा आकडा घ्या, पाइप वरखाली करून हवा काढा, मग स्प्रिंग बाहेर ठेवून आणि पाइप पूर्ण दाबून दोन्हींत पातळी सारखी करा.

हँडल मधोमध अडकत होते, म्हणजे कोन सेटला (हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगला) खड्डे पडलेले. गोळ्या आणि वाट्या एकत्रच बदलल्या. वाकलेला ब्रेक लिव्हर परत वाकवू नका, ॲल्युमिनियम तडकते.

बीएस-6 गाडी पडल्यावर स्टार्ट होत नसेल तर आधी चावी बंद करून पुन्हा चालू करा. गाडी आडवी झाल्याचे ओळखणाऱ्या टिल्ट सेन्सरने बऱ्याचदा इंजिन बंद केलेले असते.

हेल्मेट बदलायचेच. आतला थर्माकोल एकदा दबला की पुन्हा धक्का झेलत नाही, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

मनगटाबद्दल कळकळीने सांगतो. अंगठ्याच्या मुळाशी खोलगट जागेत दाबून दुखत असेल तर पहिला एक्स-रे चांगला आला तरी निर्धास्त होऊ नका. स्कॅफॉइड हाडाची चीर सुरुवातीला अनेकदा दिसत नाही; साधारण 10 ते 14 दिवसांनी पुन्हा तपासतात, तोवर हात आधारात. पुढचा ब्रेक न दुखता जोरात दाबता येईपर्यंत गाडी उभीच राहू द्या.

उरलेले काम: दोरी लावून चाकांची रेघ पाहणे, एबीएस रिंग (चाकासोबत फिरणारी खाचांची चकती) आणि सेन्सरमधले अंतर, शेवटी मोकळ्या मैदानात 20च्या वेगाने ब्रेक. गाडी चालू लागल्यावर एबीएसचा दिवा विझला नाही तर रिंग पुन्हा उघडणार.