लिंबची बारा मोटेची विहीर

आज शेवटी लिंबला जाऊन आलो. साताऱ्यापासून पंधरा-सोळा किमी, हायवेने शंभरदा गेलो असेन पण आत कधी वळलोच नाही, आज वळलो आणि बारा मोटेची विहीर पाहिली (मोट म्हणजे बैल लावून विहिरीतून पाणी काढायची चामड्याची मोठी पिशवी). खरं सांगतो, विहीर म्हणून गेलो आणि महाल बघून आलो! म्हणजे जिना उतरून खाली गेलं की दगडी कमान, शरभाची, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याची शिल्पं, आणि पुढे अख्खा महालच विहिरीच्या पोटात, खांबांवर गणपती, मारुती, हत्ती-घोडे कोरलेले. एका खांबापाशी मी किती वेळ बसलो काय माहीत, बाहेर ऊन नुसतं भाजत होतं आणि आत दगडाला हात लावला तर माठासारखा गार.

छत्रपती शाहूंच्या काळात विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ मध्ये ही बांधून घेतली, तसा शिलालेख आहे तिथे. ११० फूट खोल, ५० फूट व्यास, आकार अष्टकोनी आणि वरून पाहिलं तर शिवलिंगासारखा. एकाच वेळी बारा मोटा चालायच्या, म्हणजे बैलांच्या बारा जोड्या एकदम, आजूबाजूच्या आमराईला पाणी पाजायला. वर काठावर उभा राहून मी तेच डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न करत होतो, चाकांची कुरकुर, पाण्याचा तो धबाधबा आवाज...

सातारा म्हटलं की सगळे कासला पळतात. जाताना अर्धा तास इकडे काढा ना प्लीज, आणि पाण्यात बाटल्या टाकू नका, आज दोन तरंगताना दिसल्या, फार वाईट वाटलं.