कानातलं बी आणि तलफेची वही

गेल्या पावसाळ्यात तीन-चार आठवडे माझ्या डाव्या कानाच्या वरच्या खळग्यात मोहरीएवढं एक बी चिकटपट्टीखाली होतं. सिगारेट सोडताना तिथं दाब द्यायचा, म्हणून बसवलेलं, ॲक्युप्रेशरसारखं. प्रेसमधल्या पोरांना वाटलं, कान दुखतोय. मीही काही बोललो नाही. सव्वीस वर्षं सिगारेट ओढली होती, रोजच्या दहा-अकरा. याआधी तीनदा सोडतो म्हणून घरात सांगितलं आणि तिन्ही वेळा हिच्यासमोर मान खाली गेली.

समुपदेशक मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "बी सिगारेट सोडवत नाही. तलफ आली की बोट तिथं न्यायचं, दाबायचं आणि सावकाश श्वास घ्यायचा. चार-पाच मिनिटांत तलफेचा जोर ओसरतो, तेवढा वेळ काढायचा." सिगारेट सोडण्यासाठीच्या ॲक्युपंक्चर, ॲक्युप्रेशर अशा उपचारांवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा 2014 चा कॉक्रेन आढावाही त्यांनी सांगितला: सहा महिने किंवा त्यापुढं उपयोग टिकतो, असा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. न्यूयॉर्कच्या लिंकन हॉस्पिटलात 1970 च्या दशकापासून व्यसनी माणसांच्या कानात सुया टोचत, पण तिथंही सोबत समुपदेशन असायचंच. हे ऐकून माझा मॅडमवर विश्वास बसला. हमखास गुण येईल म्हणणारे मला आधी बरेच भेटले होते.

खरं काम वहीनं केलं. प्रत्येक सिगारेटीआधी वेळ, जागा आणि त्या वेळी मनात काय होतं ते लिहायचं. आठ दिवसांनी दोघांनी मिळून वाचलं. प्लेट चढवून पहिली शीट मनासारखी निघेपर्यंत दोन. "पत्रिका कुठवर आल्या?" असा गिऱ्हाइकाचा फोन आला की एक. चहाबरोबर टपरीवर तीन. रात्री शटर ओढल्यावर एक, ती मात्र निव्वळ एकटेपणाची. ही शेवटची ओळ मॅडमनी मोठ्यानं वाचली, तेव्हा मला रडू आलं. कॉलेजात धाकटा भाऊ आणि मी मिळून एक सिगारेट ओढायचो. तो गेल्यापासून ती मी रोज रात्री एकटाच ओढत होतो. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी मी घसरलो. मामांच्या रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर गेलो होतो. बी कानात होतं, मी दाबलंही होतं, तरी मावसभावानं पुढं केलेली सिगारेट घेतली. मॅडम रागावल्या नाहीत. "पेटवायच्या आधी कुठं उभे होता?" एवढंच विचारलं. पुरुषांच्या घोळक्यात, हात मोकळे. मग दहाव्याला मी आधीच ठरवून चहाची किटली हातात घेतली आणि दुपारपर्यंत खाली ठेवली नाही.

आता सात महिने झाले. बी कधीच काढलं. ज्यांच्या गावात समुपदेशक नाही, त्यांनी 1800-11-2356 या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन करावा. पैसे पडत नाहीत.

परवा आमचा बायंडर म्हणाला, "मला पण ते कानातलं बसवून द्या." मी त्याला उरलेल्या कागदाची एक वही शिवून दिली. म्हटलं, आधी आठ दिवस लिही. मग शनिवारी दोघं मिळून मॅडमकडं जाऊ.