‘एका फेरीत एकदाच’

आमचा पत्त्यांचा खेळ एका जुन्या, केव्हाच बंद पडलेल्या संगणकखेळाच्या सागरी विश्वावर बेतलेला आहे. आम्ही पाच चाहत्यांनी तो विकण्यासाठी नव्हे, तर त्या बंदरांमधून आणि गलबतांवरून पुन्हा एकदा वावरता यावे म्हणून तयार केला. पहिल्या संचात 126 पत्ते होते. प्रत्येक पत्ता 63 × 88 मिलिमीटरचा, म्हणजे ए-4 कागदावर नऊ बसतात आणि चौदा कागदांत सगळा संच कोणालाही घरच्या घरी छापता येतो. हे चौदा कागद सर्वांसाठी खुले करण्याच्या दोन दिवस आधी आम्ही शेवटचे चाचणी-डाव ठेवले होते. त्या दिवशी जे घडले ते सविस्तर लिहून ठेवावे असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

नियम थोडक्यात सांगतो. प्रत्येक खेळाडूचा डेक चाळीस पत्त्यांचा असतो आणि एकाच नावाचे जास्तीत जास्त तीन पत्ते त्यात ठेवता येतात. सुरुवातीला हातात पाच पत्ते, नंतर प्रत्येक फेरीला एक नवा. पहिल्या फेरीत खर्चायला एक नाणे मिळते, दुसरीत दोन, असे ते आठपर्यंत वाढत जाते. प्रतिस्पर्ध्याचे वीस प्राणगुण शून्यावर आणले की डाव जिंकला.

समतोलाचे, म्हणजे कोणताही पत्ता इतरांवर भारी पडू नये हे पाहण्याचे, काम माझ्याकडे होते. त्यासाठी मी एक हिशेबतक्ता केला होता. एका नाण्यात किती हल्ला (पात्र करते ती इजा) आणि किती बळ (पात्राला सोसता येते ती इजा) द्यायचे, एक पत्ता ओढू देण्याची किंमत किती धरायची (आम्ही दीड नाणे धरली होती), अशा सगळ्या गोष्टींचे त्यात मोल होते, आणि प्रत्येक पत्ता त्या तक्त्यातून पार झाल्याशिवाय संचात येत नसे. त्या तक्त्यावर माझा फार विश्वास होता. वर्षभर मी त्यात आकडे भरत आणि खोडत आलो होतो.

त्या दिवशी बारा खेळाडू आले होते. कागदाच्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या पाकिटांत सरकवून, पाठीला जाडी यावी म्हणून मागे एकेक जुना पत्ता घालून, सगळ्यांनी आपापले डेक बांधले होते. चार डाव झाले तेव्हा बारावी-तेरावीच्या वयाचा एक अबोल मुलगा चारही डाव जिंकला होता. माझ्या सहकारी मैत्रिणीने ही गोष्ट माझ्या कानावर घातली, पण मला त्यात काही वावगे दिसले नाही. दोन्ही बाजू अगदी तुल्यबळ असल्या तरी सलग चार डाव जिंकण्याची शक्यता सोळात एक असते. बारा जण खेळत असताना त्यांतल्या एखाद्याच्या वाट्याला ते येणे हे नवल नव्हे. एवढ्या थोड्या डावांवरून पत्त्याला दोषी ठरवू नये, हे मी इतरांना नेहमी सांगत असे आणि आजही सांगतो.

पाचव्या डावाला मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या फेरीत त्याने ‘जुना नावाडी’ हे पात्र मैदानात उतरवले. किंमत दोन नाणी, हल्ला एक, बळ तीन, आणि मजकूर असा: तुमचे दुसरे पात्र मैदानातून हातात परत आले की एक पत्ता ओढा. तिसऱ्या फेरीत तीन नाणी देऊन त्याने ‘बंदर’ मांडले. त्याच्यामुळे आपली सर्व पात्रे एक नाणे कमी देऊन उतरवता येतात. चौथ्या फेरीत त्याने एका नाण्याची ‘टिटवी’ काढली. टिटवी मैदानात येताना आपले दुसरे एक पात्र, हवे असल्यास, हातात परत घेता येते. बंदरामुळे ती फुकट झाली होती. मग त्याने दुसरी टिटवी उतरवली, पहिली हातात घेतली आणि एक पत्ता ओढला. पहिली पुन्हा उतरवली, दुसरी हातात घेतली, एक पत्ता ओढला.

त्याचे हात मला अजून दिसतात. एक टिटवी खाली, एक वर, डेकवरून एक पत्ता. पुन्हा एक खाली, एक वर, एक पत्ता. तो घाई करत नव्हता. प्रत्येक वेळी ओढलेला पत्ता नीट लावून ठेवत होता आणि ओठांतल्या ओठांत मोजत होता. समोरच्या खेळाडूने सुरुवातीला मान पुढे करून पाहिले, मग आपले पत्ते टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांवर हातांची घडी घातली. त्याला करण्यासारखे काहीच नव्हते. पंधरा वेळा हे आवर्तन झाल्यावर मुलाच्या हातात एकवीस पत्ते झाले. त्यांतला ‘वादळ’ हा पत्ता त्याने चार नाणी देऊन खेळला. हातात जितके पत्ते तितकी इजा, असे वादळावर लिहिलेले आहे. उरलेल्या वीस पत्त्यांची इजा बरोबर वीस. डाव संपला, आणि समोरच्याला जेमतेम तीन फेऱ्या मिळाल्या होत्या.

मुलाने मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, “दादा, हे असं चालतं का? मला वाटलं, माझंच वाचण्यात काहीतरी चुकलंय.”

त्याचे वाचण्यात काहीच चुकले नव्हते. नावाड्याच्या मूळ मजकुरात शेवटी तीन शब्द होते: एका फेरीत एकदाच. चाचणीच्या आदल्या रात्री ते मी काढले होते. कारण सांगताना आजही जड जाते. पत्त्यावरच्या चौकटीत मजकुराच्या चार ओळी मावतात. त्यांतल्या खालच्या दोन ओळींत नावाड्याच्या तोंडचे एक वाक्य होते, जे मी स्वतः लिहिले होते आणि जे मला संपूर्ण संचात सर्वांत आवडत असे. नियमाचा मजकूर तिसऱ्या ओळीत जात होता. मी तक्ता उघडून पाहिला. हे तीन शब्द काढल्याने पत्त्याची किंमत पाव नाण्याने वाढत होती आणि पाव नाणे आमच्या मर्यादेत बसत होते. म्हणून मी नियम कापला आणि वाक्य ठेवले.

तक्ता चुकीचा नव्हता, पण तो एका पत्त्याचे मोल एकदाच वापरला जाईल असे धरून काढत होता. बंदर आणि टिटवी यांचे पत्ते सात महिन्यांपूर्वी तपासले गेले, ते नावाडी फेरीत एकदाच पत्ता देतो हे गृहीत धरून. ते तीन शब्द तीन पत्त्यांना एकत्र तोलून धरत होते आणि मी ते एकाच पत्त्याच्या खात्यावर मांडून खोडले होते.

व्यावसायिक खेळांनाही हे चुकलेले नाही. 1993 मध्ये रिचर्ड गारफिल्ड यांच्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ने संग्राह्य पत्त्यांच्या खेळांची सुरुवात केली. त्याच खेळात 2004 मध्ये ‘स्कलक्लॅम्प’ नावाचा पत्ता आला. तो ज्या पात्राला जोडायचा त्याचा हल्ला एकने वाढे, बळ एकने कमी होई, आणि ते पात्र मेले की दोन पत्ते ओढता येत. बळ घटवणारा तो उणे एक दिसायला तोटा होता आणि पत्ता घडवताना तो अगदी उशिरा घातलेला होता. पण एक बळ असलेले पात्र जोडताक्षणीच मरत असे, म्हणजे आमच्या भाषेत एका नाण्यात दोन पत्ते. त्याच वर्षी जूनमध्ये त्या पत्त्यावर मुख्य स्पर्धांतून बंदी आली. ही हकिगत मला पाठ होती. ती मी आमच्या गटाला दोनदा सांगितली होती.

दुपारी आम्ही पाचही जण दुरुस्तीवर बसलो. नावाड्याची किंमत तीन नाणी करावी, असे एकाचे म्हणणे होते. त्याने तोच प्रकार फार तर एक फेरी पुढे गेला असता, आणि नावाडी साधेपणाने खेळणाऱ्यांचे मात्र कायमचे नुकसान झाले असते. बंदर असले तरी पात्राची किंमत एका नाण्याखाली जाऊ नये, असे दुसऱ्याने सुचवले. ते मला पटत होते, पण तरीही दोन टिटव्या एका नाण्याला एक पत्ता देतच राहिल्या असत्या, जिथे आमचा भाव दीड नाण्यांचा होता. टिटवीला हात लावायला मी तयार नव्हतो. जखमी पात्र मागे घेणे, उतरतानाचा परिणाम पुन्हा मिळवणे, अशा कितीतरी प्रामाणिक खेळ्या तिच्यावर उभ्या आहेत, आणि नव्या खेळाडूला हा खेळ आवडू लागतो तो बहुधा तिच्यामुळे. किंमत वाढवून आवर्तन थांबत नाही, ते फक्त महाग होते, आणि पुढच्या संचातला एखादा पत्ता ते पुन्हा स्वस्त करतो. शेवटी मैत्रीण म्हणाली, “तुझे वाक्य काढ.”

मी काढले. नावाड्याच्या पत्त्यावर आज नियमाच्या तीन ओळी आहेत आणि खाली एक ओळ कोरी आहे. तक्त्यात मी एक नवा रकाना जोडला: हा परिणाम एका फेरीत किती वेळा होऊ शकतो? 126 पत्त्यांसाठी तो भरायला आम्हाला संध्याकाळ लागली, आणि आणखी दोन पत्त्यांवर ‘एकदाच’ लिहावे लागले. चौदांपैकी तीन कागद नव्याने मांडले.

सहावा डाव खेळायला दिवे लागण्याची वेळ झाली. मी नव्या चिठ्ठ्या कापून मुलाच्या पाकिटांत घातल्या आणि त्याने तोच डेक, त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध पुन्हा मांडला. पाचव्या फेरीपर्यंत नावाडी, बंदर आणि दोन्ही टिटव्या त्याच्याकडे आल्या होत्या. त्याने एक टिटवी खाली ठेवली, दुसरी उचलली, एक पत्ता ओढला. दुसरी टिटवी बोटांत धरून तो थोडा वेळ मैदानाकडे पाहत राहिला, मग ती हातातल्या पत्त्यांत परत सरकवली आणि म्हणाला, “झाली माझी फेरी.”

समोरच्याने हातांची घडी सोडली आणि आपले पत्ते उचलले.