तुम्ही विचारलंत म्हणून: सिल्लोडात कसलं आलंय जहाज?

"सर, आपल्याकडं प्यायला टँकरचं पाणी आणि तुम्हाला जहाजाचं खूळ, हे काय?" लग्नात, एसटीत, टपरीवर, कुठंही भेटलं की हेच. तर एकदा सांगूनच टाकतो.

जहाज आपल्याकडचंच आहे. अजिंठ्याच्या 2 नंबरच्या लेणीत भिंतीवर तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलंय, वर मातीचे रांजण ठेवलेत. अंधार असतो, गाइड घाईत पुढं नेतो, बहुतेक जण बघतही नाहीत (मी स्वतः चौथ्या खेपेला बघितलं). ते चित्र पाचव्या शतकातलं धरतात, आणि त्याच्यावरूनच नौदलानं खरंखुरं जहाज बांधलं, कौंडिण्य नावाचं. सप्टेंबर 2023 ला गोव्यात काम सुरू झालं, मे 2025 ला कारवारला नौदलात दाखल, आणि 29 डिसेंबरला पोरबंदरहून निघून संक्रांतीच्या दिवशी मस्कतला पोचलं पण! इंजिन नाही, नुसती शिडं.

पण मला वेड लावलं ते वेगळ्याच गोष्टीनं. चित्रात जहाज बाहेरून दिसतं, आत फळीला फळी कशी धरलीय ते कुठं दिसतंय? आराखडा तर कुणी ठेवलेलाच नाही. आयआयटी मद्रासनं मॉडेल पाण्यात तपासून दिलं ते ठीक, पण शिवायचं कुणी? ते केरळातल्या बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांच्या हातात होतं. खिळा नाही, फळ्यांना भोकं पाडून काथ्याच्या दोरीनं शिवायच्या, मग राळ भरायची. लाट आदळली की शिवलेली फळी थोडी लवते, खिळ्यापाशी चिरते तशी चिरत नाही. आमचे आजोबा सुंभानं बाज विणायचे, पाय लावून दोरी ताणायचे, ते गेले आणि ती विणही गेली, घरात एकालाही येत नाही. लेणी सरकार जपतं हो, हाताला कोण जपणार.

मग मीच बसलो. आंब्याच्या दोन फळ्या, ड्रिलनं भोकं, बाजारातला सुंभ, हातभर होडी शिवली आणि म्हशीच्या हौदात सोडली. पाच मिनिटांत तळाला. बायको हसून हसून बेजार. तशीच बुडू दिली रात्रभर, सकाळी काढून परत सोडली तर फळ्या फुगून फट बरीच मिटली होती, गळत होती पण तरंगत होती. आता आठवडा झाला हौदातच आहे आणि म्हशीनं शिडाचं कापड खाल्लंय.