बाळाच्या कार्डात घडी करून ठेवलेला कागद

मी आशा वर्कर, दारव्हा तालुक्यातली. कापूस वेचणीचे दिवस होते, तीन महिन्यांच्या एका बाळाच्या भेटीला गेले होते. पहिलं बाळंतपण म्हणून पोरगी माहेरी आलेली, नवरा नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एमआयडीसीत, तो ना बारशाला आला ना न्यायला आला. बाळाचं कार्ड मागितलं तर त्यात घडी घातलेला स्टँप पेपर निघाला. "मी राजीखुशीने फारकत देत आहे, माझा व मुलीचा खर्च मागणार नाही." खाली तिच्या सहीची जागा कोरी. माझे तर हातपायच गळाले.

तिचे बाबा म्हणाले, "ताई, वकील पंधरा हजार आधी मांगते, अन् केस नागपूरलेच टाका लागन म्हणते. कापूस अजून घरातच हाय. कुठून आणू?" पोरगी खाली मान घालून नखानं सारवण खरवडत होती.

बाईमाणसाला फुकट वकील मिळतो एवढं मला माहीत होतं, 1987 च्या विधी सेवा कायद्यात तसं आहे आणि बाईला उत्पन्नाची अटही नाही. तिथूनच 15100 वर फोन लावला, मग तालुका कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज दिला, आधार, लग्नपत्रिका, बाळाच्या कार्डाचं झेराक्स. काही दिवसांनी फोन आला, वकील मॅडम मिळाल्या.

तो दिवस मी विसरणार नाही. काळीपिवळीत बाळ मांडीवर घेऊन गेलो. मॅडमनी आधी बाबांना म्हटलं, "काका, तुम्ही जरा बाहेर बसा, मले पोरीसंगं बोलू द्या." चार महिन्यांत तिला काय पाहिजे हे कोणी विचारलंच नव्हतं, मीही नाही, मीसुद्धा कागदाच्याच मागे लागले होते. ती कितीतरी वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मले अजून जाचं हाय त्याच्या घरी. पण पोरीले दुधाले पैसे पायजेत." मॅडमनी तेच तसंच लिहून घेतलं.

मग एकेक सांगितलं. अशा कागदानं तुमचं लग्न मोडत नाही, त्याला कोर्टाचा हुकूम लागतो, आणि लेकराचा हक्क आई लिहून देऊच शकत नाही. खावटीची, म्हणजे पोटगीची, केस ती राहते तिथल्या कोर्टात टाकता येते, नागपूरला जायची गरज नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून सगळे या केसला अजून एकशेपंचवीसच म्हणतात, पण 1 जुलै 2024 पासून नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते कलम 144 झालं. नवऱ्याला पगाराचं शपथपत्र द्यावं लागेल. अंतरिम खावटी नोटीस मिळाल्यापासून साठ दिवसांत ठरावी असं कायदा म्हणतो, पण जास्त लागू शकतात हेही त्यांनी लपवलं नाही, आणि मला तर तिथंच त्यांचा भरवसा वाटला.

वकालतनामा पूर्ण वाचून दाखवला, कोऱ्या कागदावर एकही सही घेतली नाही. पेन हातात घेऊन पोरगी थांबली, "मॅडम, नाव कोणतं लिहू, इकडचं का तिकडचं?"

"आधारवर आहे ते."

तिनं बापाचं आडनाव लावून सावकाश सही केली, बाळानं तेवढ्यात पेनाचं टोपण तोंडात घातलं. तो स्टँप पेपर मॅडमनी फाइलमध्ये लावला, कोराच्या कोरा.